गोल्फच्या हिरवळीवर येळवस

आमच्या माहेरच्या डोंगराला डोंगर म्हणणारे लोक दोनच प्रकारचे. एक आम्ही, ज्यांनी लहानपणी दुसरा डोंगर पाहिलाच नव्हता. दुसरे, ज्यांना तो लोकांच्या गळ्यात मारायचा आहे. बसवकल्याणहून खटकचिंचोळीच्या बाजूला निघालं की काळी जमीन संपते, तांबडा मुरूम सुरू होतो आणि त्या मुरमाचाच एक लांबट उंचवटा वर चढत जातो. मध्ये दोन घळी, कडेला मोठाले धोंडे, तरवडाची झुडपं आणि थोडी सीताफळं. एवढाच आमचा डोंगर. शेळ्यासुद्धा तिथं नाइलाजानं जायच्या.

काही वर्षांपूर्वी बाहेरच्या एका कंपनीनं तो घेतला. आता त्याच्या पायथ्याला कमान आहे, कमानीखाली गणवेशातला पहारेकरी आहे आणि कमानीवर इंग्रजीत लिहिलंय की हे देशातल्या सगळ्यांत अवघड डोंगरी गोल्फ मैदानांपैकी एक आहे. आपण अवघड आहोत अशी पाटी लावणारी जागा मी पहिल्यांदाच पाहिली. आमच्या भागात अवघड गोष्टींची कधी टंचाई नव्हती, पण त्यासाठी कुणी वर्गणी भरल्याचं ऐकलं नव्हतं.

निसर्गाचं तर विचारूच नका. आधी त्यांनी तरवड उपटला, सीताफळं तोडली, घळीच्या तोंडाशी माकडं यायची त्यांना फटाके लावून पळवलं. मग ट्रकमधून ताडासारखी झाडं आणली, एकसारख्या उंचीची, आणि ती रांगेत उभी केली. वर बाकडी टाकली, निसर्ग बघायला. तिथं बसलं की खाली तुरीची रानं दिसतात, लांब तळ्याचं पाणी चमकतं, थंडीत धुकं असलं तर खरंच बरं दिसतं, हे मी कबूल करते. फक्त एका बाजूला काही दिसत नाही. तिथं दाट बांबू लावलाय. त्या बांबूच्या मागं आमचं गाव आहे. गावाचे पत्रे निसर्गात बसत नव्हते.

या डोंगराचा मधला सपाट तुकडा माझ्या थोरल्या भावाचा होता. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग बांधणारी माणसं. घरात मराठी, देवघरात आणि भांडणात कानडी, बाजारात दखनी. अण्णाचं गावात खताचं आणि बियाणाचं दुकान, पोट त्याच्यावर. शेत म्हणाल तर हे वरचं एकच, त्यात तूर आणि करडई होईल तेवढी व्हायची. अडचण अशी त्याला काहीच नव्हती. पोरं पुण्याला नोकरीत, तीसुद्धा मागत नव्हती. मग कामून विकलं, असं मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, ते लोक लई मानानं बोलायलेत बाई. मला सर म्हनायलेत."

सर! आयुष्यभर ज्याला गाव अण्णा म्हणत आलं, त्याला टाय लावलेल्या दोन पोरांनी सर म्हटलं आणि हा विरघळला. त्यांनी त्याला क्लबचं कायमचं सभासदत्व देऊ केलं, आणि त्यावर तर तो पार हुरळून गेला. दुकानात येईल त्याला सांगायचा, "विकलं म्हंजे काय, मी मेंबर हाय तिथला. कवाबी जाईन, कवाबी बसीन." त्याचा हिशेब असा होता की शेत विकलं, पण येळवशीचं यजमानपण विकलेलं नाही. ते त्याचंच राहणार. त्याला फक्त तेवढंच हवं होतं, आणि तेवढंच मिळणार नाही हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

पुण्यामुंबईच्या वाचकांना येळवस माहीत नसेल. मार्गशीर्षातली अमावस्या. कागदावर वेळ अमावस्या म्हणतात, तोंडात येळवस. लातूर, उदगीर आणि आमच्या सीमेवरच्या तालुक्यांत त्या दिवशी गावात माणूस शिल्लक राहत नाही. बाया पहाटे उठून भज्जी करतात. ही तुमची तळलेली भजी नव्हे, हिवाळ्यातल्या सगळ्या शेंगा, पालेभाज्या बेसनात शिजवलेली घट्ट भाजी. ताकातल्या ज्वारीच्या आंबिलीचे माठ भरतात, बाजरीचे उंडे वळतात, तिळाच्या पोळ्या करतात, आणि सगळं डोक्यावर घेऊन शेतात जातात. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप घालतात. कोपीत त्याच शेतातले पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात. ते पांडव. त्यांची पूजा करायची, आंबील आणि भज्जी शेतभर शिंपडायची, कानडीत मोठ्यानं आरोळ्या द्यायच्या, आणि मग जेवायला बसायचं.

पण खरी गंमत जेवणात नाही, बोलावण्यात आहे. ज्याचं शेत तो त्या दिवशीचा राजा. बांधावरून जो जाईल त्याला हाक मारायची, ओळख असो नसो. जात विचारायची नाही, गाव नंतर विचारायचं. हाक मारूनही माणूस न थांबता गेला तर यजमानाचा चेहरा उतरतो. आमच्या अण्णाचं शेत वरच्या पायवाटेवर असल्यामुळं त्याच्याकडं सगळ्यांत जास्त पंगत उठायची, आणि त्या एका दिवसाच्या जोरावर तो वर्षभर गावात छाती काढून चालायचा. खत उधार न देणारा माणूस, पण येळवशीला एकाला उपाशी जाऊ दिलं नाही त्यानं.

क्लब सुरू झाल्यावर, दिवाळीनंतर, अण्णानं मला आणि वैनीला मैदान दाखवायला नेलं. त्याच्या अंगावर पांढरी टोपी, चुण्यांची पॅंट आणि पायात खिळे असलेले बूट. हे बूट त्यानं खटकचिंचोळीच्या बाजारातसुद्धा घालून दाखवले होते. बॅटरीच्या गाडीत बसवून त्यानं आम्हाला एकेक भोक दाखवलं. हो, भोकच. एवढा डोंगर खरडून काढला तो हातभर झेंड्याखालच्या मुठीएवढ्या भोकासाठी. खेळ असा की लांबून काठीनं बॉल मारत मारत त्या भोकात घालायचा, आणि जो कमीत कमी वेळा मारील तो जिंकला. म्हणजे सगळ्यांत कमी खेळणारा सगळ्यांत मोठा खेळाडू. मला वाटलं, मग घरीच का बसत नाहीत.

सातव्या झेंड्याचं कौतुक सगळ्यांत जास्त. घळीच्या एका काठावर उभं राहून बॉल मारायचा, तो घळ ओलांडून पलीकडच्या हिरवळीवर पडला पाहिजे. घळीत वारा कधी वर घुसतो, कधी आडवा येतो. आम्ही गेलो तेव्हा गुलाबी शर्टातला एक भरभक्कम गृहस्थ तिथं उभा होता. त्यानं एक बॉल मारला, घळीत. दुसरा मारला, घळीत. तिसऱ्यानंतर तो काठीशीच भांडायला लागला. मागं उभ्या असलेल्या माणसांनी "क्या शॉट था, सर" म्हटलं. त्याच्या बायकोनं बाकड्यावरून मान वर केली नाही. ही सातवी हिरवळ म्हणजेच अण्णाचं जुनं शेत. तुरीच्या जागी आता असं गवत होतं की त्याच्यावर पाय ठेवायलाही संकोच वाटावा.

मग अण्णानं स्वतः खेळून दाखवलं. टोपी सारखी केली, पाय फाकवले, काठी मागं नेली आणि जीव खाऊन मारली. बॉलपेक्षा हिरवळीचा ढपला लांब गेला. "वाऱ्यानं घात केला," अण्णा म्हणाला. वैनी पदरात तोंड घालून हसत होती.

त्याच्याबरोबर कुणीच खेळत नव्हतं, हे पाच मिनिटांत कळलं. पण कुणाचा बॉल घळीत गेला की हाक यायची, "अण्णाजी, किधर गया होगा?" आणि हा त्या खिळ्यांच्या बुटांत धोंड्यांवरून घसरत खाली उतरायचा, करवंदीत हात घालायचा, बॉल आणायचा, आणि वर येऊन असा फुलायचा की बघवत नसे. एकदा धापा टाकत मला म्हणतो, "बघितलीस? माझ्याबिगर पान हलत न्हाई ह्यांचं."

"बॉल तर कुत्रंबी आणून देतं, अण्णा," मी म्हणाले.

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येळवशीचं आमंत्रण द्यायला फोन केला.

काम चालू होतं तोवर त्यानं मातीच्या ढिगाऱ्यांत कडेला कोप घालून भागवलं होतं. या वर्षी मात्र त्याला जुन्या जागीच बसायचं होतं. त्यासाठी तो मॅनेजरला रीतसर विचारून आला होता. मॅनेजर तरणा, गोड बोलणारा, कायम हात जोडलेला. अण्णानं त्याला दखनीत सांगितलं, "उस दिन हमारे घर के लोगां आते, खाना खाते, जाते." मॅनेजर म्हणाला, "अण्णाजी, मेंबर के घर के लोग यानी हमारे मेहमान." झालं. घरचे लोक म्हणजे मॅनेजरच्या डोळ्यासमोर बायको आणि दोन पोरं. अण्णाच्या लेखी येळवशीला घरचे लोक म्हणजे जो जेवेल तो.

त्या दिवशी अर्धं गाव कमानीपाशी उभं राहिलं. बायांच्या डोक्यावर टोपल्या, शालीत गुंडाळलेले आंबिलीचे माठ, म्हाताऱ्यांच्या खांद्यावर कडब्याच्या पेंढ्या. पहारेकरी आमच्याच शेजारच्या गावचा. त्यानं एकदा पेंढ्यांकडं बघितलं, एकदा अण्णाच्या टोपीकडं, आणि अडसर वर केला. वर मैदानात कसलीशी स्पर्धा चालू होती, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी अमावस्या पुढं ढकलता आली नसती.

अण्णा सरळ सातव्या हिरवळीवर गेला. "आपली कोप हितंच," म्हणाला. पेंढ्या उभ्या राहिल्या, बायांनी टोपल्या उतरवल्या, पोराटोरांनी त्या मऊ गवतावर लोळायला सुरुवात केली. झेंड्याला कुणीतरी शाल अडकवली. मग पांडवांची वेळ आली आणि पंचाईत झाली. जुने पाच दगड मशीननं कधीच पुरले होते, आणि त्या अख्ख्या हिरवळीवर नखाएवढा खडासुद्धा नव्हता. रस्त्याकडेचे दगड सिमेंटात बसवलेले. दगड त्याच शेतातले हवेत, खालून आणलेले चालत नाहीत. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

अण्णानं पॅंटच्या खिशात हात घातला आणि घळीतून गोळा केलेले पाच बॉल काढून कोपीत ठेवले. "ह्याच शेतात सापडल्यात," म्हणाला. "आन पांढरेबी हायत. चुना लावायची गरज न्हाई."

त्याच्या डोक्यात हे कधी आलं असेल देव जाणे, पण बोलताना चेहरा असा, जणू मोठा शास्त्रार्थ जिंकलाय. आमची एक चुलती आहे, ऐंशीच्या पुढची, गावातल्या सगळ्या पूजा तिच्या तोंडावर चालतात. तिनं एक बॉल उचलला, डोळ्याजवळ नेला, त्याच्यावरचे बारीक खड्डे बोटानं चाचपले. "काय रं," ती म्हणाली, "पांडवांना देवी येऊन गेल्या व्हय?"

तरी तिनं मान्य केलं. पण त्या सपाट शेताला आता मुद्दाम उतार दिला होता आणि पांडव एका जागी बसेनात. धर्मराज ठेवला की भीम घरंगळायचा. शेवटी वैनीनं बाजरीचे उंडे कुस्करून त्यांच्या खाली बैठका केल्या. हळदकुंकू वाहिलं, पूजा झाली, पुरुष आंबील शिंपडत हिरवळीभोवती फिरले, आणि घळीतून आरोळ्यांचा आवाज असा घुमला की ताडाच्या झाडांवरचे कावळे उडाले.

त्याच वेळी घळीच्या पलीकडून तो गुलाबी शर्टवाला मारत होता. आजवर ज्याचा एक बॉल घळ ओलांडून आला नव्हता, त्याचा त्या दिवशी आला. उंच, सरळ, हिरवळीच्या मधोमध. कडब्याच्या पेंढीवर आपटला, खाली पडला आणि हळूच घरंगळत कोपीत शिरून पाच जणांच्या शेजारी थांबला.

चुलतीनं शांतपणे त्याच्याकडं बघितलं. "कर्ण आला," ती म्हणाली, आणि त्यालाही हळदकुंकू लावलं.

थोड्या वेळानं बॅटरीची गाडी आली. गुलाबी शर्टवाला उभ्या उभ्या ओरडतच आला, आनंदानं, कारण आपला बॉल पलीकडं पडलेला त्यानं पाहिला होता. मग त्याला गाव दिसलं. तो उतरला, माणसांतून वाट काढत कोपीपाशी आला आणि वाकून बघू लागला. आत कुंकू लावलेले सहा बॉल.

"मेरा कौन सा है?" त्यानं विचारलं.

"आता कुनाचाच न्हाई," चुलती म्हणाली. "पुजलेला हाय. आज हात लावायचा न्हाई."

त्याच्या चेहऱ्यावर रडू आणि राग दोन्ही दिसायला लागलं. अण्णा पुढं झाला. पहिल्यांदाच त्या माणसासमोर तो वाकला नाही. त्यानं त्याचा दंड धरला आणि म्हणाला, "साहब, हमारे खेत में आए. पैले खाना, बाद में बॉल." आणि बसवला त्याला खाली, गवतावर, पत्रावळीपुढं. ते साहेब बसले. त्यांचे सोबती बसले. भज्जी वाढली तशी मागून मागून खाल्ली, आंबील मिशांना लागली, मग मोबाईल निघाले आणि फोटो झाले. मॅनेजर धावत आला, त्यालाही बसवला. हात जोडायला त्याला उसंतच मिळाली नाही, एका हातात उंडा आणि एका हातात लोटा. अण्णा पंगतीतून वाढत फिरत होता. टोपी कुठंतरी पडली होती. मी त्याची बहीण, मला त्याच्यातलं हसण्यासारखं सगळं दिसतं, पण त्या दिवशी तो देखणा दिसत होता हे खरं आहे.

आंबील आंबट असते. जिथं जिथं शिंपडली, तिथं तिथं ते लाडकं गवत पिवळं पडलं. कोपीच्या जागी गोल टक्कल पडलं. काही दिवसांनी मॅनेजर स्वतः दुकानात आला, खुर्ची घेतली, हात जोडले. नियम झालाय म्हणाला. सभासदाबरोबर चारच पाहुणे, आणि बाहेरचं खाणं आत आणायचं नाही. पण मेंबर लोकांना तुमचा सण फार म्हणजे फार आवडला. पुढच्या वर्षीपासून क्लबच साजरा करणार. जेवण क्लबचं, तयारी क्लबची, आणि अण्णाजी, आप हमारे चीफ गेस्ट.

अण्णानं गावात यातलं शेवटचं वाक्य तेवढं सांगितलं. पुढल्या साली क्लबच येळवस करणार आहे आणि मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलंय. गाव म्हणालं, वा. नियमाचं तो कुणाला बोलला नाही. लोकांना ते आपोआप कळलंच असेल, पण त्यांनीही विषय काढला नाही.

नागपंचमीला मी माहेरी गेले तेव्हा तो माझ्याजवळ येऊन बसला. सुपारी कातरायला लागला. मग म्हणाला, "बाई, माझ्याच शेतात मी पाव्हना कसा गं व्हईन?"

"तुझं शेत कुठलं आता?" मी म्हणाले. खोटं काय बोलले? पण तो उठून दुकानात गेला आणि संध्याकाळपर्यंत आला नाही.

त्यानंतरची येळवस. आमचं, म्हणजे माझ्या सासरचं शेत उमरग्याच्या रस्त्याला. सकाळी टोपल्या गाडीत ठेवत होतो तेवढ्यात वैनीचा फोन. "तुमचे भाऊ कपडे करून बसल्यात," म्हणाली, "पन हालनात. बोलनातबी. या की जरा." मी सासूबाईंना पुढं पाठवलं आणि आम्ही नवराबायको माहेरी गेलो.

येळवशीच्या दिवशीचं गाव कधी बघितलंय? कुलुपं, वाऱ्यानं हलणारी दारं, आणि पाराखाली एकदोन कुत्री. अण्णाच्या दाराला आतून कडी. वैनीनं उघडलं. आत अण्णा पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत खुर्चीवर बसला होता. चूल थंड. क्लबात जेवायचं म्हणून वैनीनं काही केलंच नव्हतं. बांबूच्या पलीकडून लाऊडस्पीकरवर सनई ऐकू येत होती. वैनीनं मला मोबाईलवर आलेले फोटो दाखवले. मशीनवर तासलेल्या बांबूची कोप, तिला दिव्यांच्या माळा. आत संगमरवराचे पाच दगड, पॉलिश केलेले. पांढऱ्या टोपीतला आचारी भज्जी चिमट्यानं वाढतोय. आंबील औषधाच्या मापाएवढ्या काचेच्या पेल्यांत, वर कोथिंबिरीचं एकेक पान. आणि मधोमध एक मोठी रिकामी खुर्ची, तिच्यावर तयार बांधलेला फेटा ठेवलेला. मॅनेजरचे फोन येत होते. अण्णा उचलत नव्हता.

"कामून बसलास असं?" मी विचारलं.

"जायचं न्हाई तिथं," तो म्हणाला.

"मग गावात कुनाच्याबी कोपीवर जायचं की. येळवशीला मानसाला काय कमी हाय?"

अण्णानं माझ्याकडं बघितलं. "बोलावलं न्हाई कुनी."

मला आधी कळलंच नाही. मग वैनी हळूच म्हणाली, लोकांना वाटतंय हे वर गेलेत. सगळं गाव पहाटेच दारावरून गेलं. अण्णा आतून ऐकत बसला होता, कुणीतरी हाक मारील म्हणून. पण क्लबाच्या प्रमुख पाहुण्याला आपल्या भज्जीवर कोण बोलावणार? एवढं वर्षभर त्यानंच दारोदार सांगितलं होतं. गावानं त्याच्यावर राग धरला नव्हता, थट्टाही केली नव्हती. गावानं फक्त त्याचं खरं मानलं होतं.

त्याला सुनवायला माझ्याजवळ वर्षभराचं साठलेलं होतं. सर म्हटल्यावर विरघळलास ना, बस आता, असं सगळं. पण झालं भलतंच. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून त्याचा आणखी राग आला. "ऊठ," मी म्हणाले, "आमच्या शेतात चल."

"बहिनीच्या घरी जेवाय बसायचं व्हय येळवशीला," तो पुटपुटला, पण उठला. वैनीनं दाराला कुलूप लावलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानात कोपी दिसत होत्या, धूर दिसत होता, आणि जो दिसेल तो हात वर करून गाडीला हाका मारत होता. आम्ही हात हलवून पुढं जात होतो, आमचीच पंगत खोळंबली होती. अण्णा खिडकीतून बघत होता. एका वळणावर गाडी जरा हळू झाली तशी बांधावरच्या एका म्हातारीनं कानडीत साद घातली, "बर्री, ऊटा माडरी." या, जेवा. तिची आमची ओळख ना पाळख.

"थांबवा," अण्णा म्हणाला.

नवरा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, थांबवा. अण्णा उतरला, बांध ओलांडला, चपला काढल्या आणि त्या अनोळखी लोकांच्या पंगतीत शेवटच्या जागेवर जाऊन बसला. आम्ही मागोमाग गेलो. ज्वारीच्या मधोमध छोटीशी कोप, बापलेक वाढत होते, जमीन थोडकीच दिसत होती. त्यांनी आम्हाला पत्रावळी दिल्या, भज्जी वाढली, भाकरी दिली. अण्णा मान खाली घालून जेवायला लागला. असा जेवत होता, जणू दोन दिवसांचा उपाशी.

दुसऱ्यांदा वाढायला आल्यावर बापानं विचारलं, अगदी सहज, सगळे विचारतात तसं. गाव कुठलं? अण्णानं सांगितलं. मग पुढचा प्रश्न आला, येळवशीला येतोच तो. तुमची कोप कुठल्या बाजूला? शेत कुठं तुमचं?

मी खाली बघायला लागले. मला वाटलं, आता तो सांगणार, मेंबर हाय मी.

"होला इल्री," अण्णा म्हणाला. शेत नाही आम्हाला.

त्या माणसानं मान हलवली, आणि अण्णाच्या पत्रावळीवर आणखी एक पळी भज्जी वाढली.